टाळेबंदीनंतर मुलांचे श्वसनविकार : काय टळले, काय लांबले, काय बदलले

कृष्णाकाठ

मी कराड परिसरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. गेली काही वर्षे दवाखान्यात येणारे पालक एक वाक्य हमखास बोलतात, "करोनानंतर मुलांची प्रतिकारशक्तीच गेली, डॉक्टर." यात एक खरे निरीक्षण आहे आणि एक चुकीचा निष्कर्ष आहे. मुलांच्या आजारपणाचे वेळापत्रक खरोखर बदलले होते. मात्र ते मुलांच्या शरीरात काही बिघडल्यामुळे बदलले, असे म्हणायला आधार सापडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर पालक नको त्या टॉनिकांवर पैसे घालवतात आणि खऱ्या धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष होते, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे हा तान्ह्या बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसचा, म्हणजे फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका सुजण्याचा, काळ असतो. आधी दोन-तीन दिवस साधी सर्दी असते, मग बाळ दूध ओढता ओढता मध्येच थांबते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जाते आणि स्टेथोस्कोप लावला की छातीच्या दोन्ही बाजूंना बारीक शिट्टी ऐकू येते. यामागे बहुतेक वेळा आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, हा विषाणू असतो. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल त्याच्या तडाख्यातून एकदा तरी जाते. २०१९ या एका वर्षात त्याच्यामुळे जगातील पाच वर्षांखालील मुलांना फुप्फुसांपर्यंत पोहोचणारे सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले आणि एक लाखाच्या आसपास मुले दगावली, असा अंदाज आहे.

२०२० च्या पावसाळ्यात ही बाळे आमच्याकडे जवळजवळ आलीच नाहीत. लोक भीतीने दवाखान्याची पायरी चढत नव्हते, हे त्याचे एक कारण नक्कीच होते. परंतु जिथे रुग्णालये नेहमीसारखी चालू होती आणि आजारी मुलांच्या नाकातले नमुने तपासले जात होते, तिथेही हेच दिसले, म्हणून केवळ भीतीचे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याचे आहे. तिथल्या २०२० च्या हिवाळ्यात मुलांमधील आरएसव्हीची नोंद आधीच्या वर्षांच्या तुलनेत ९८ टक्क्यांनी आणि फ्लूची ९९ टक्क्यांहून अधिक घटली. विशेष म्हणजे त्या हिवाळ्यात तिथल्या शाळा उघडलेल्या होत्या.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे तिथला हिवाळा सरल्यावर, आरएसव्ही वाढू लागला आणि डिसेंबरच्या ऐन उन्हाळ्यात त्याने २०१७ ते २०१९ या वर्षांतल्या हिवाळी शिखरांनाही मागे टाकले. राज्याच्या सीमा तेव्हाही कडक नियंत्रणाखाली होत्या. आजारी मुलांचे मध्यम वय (निम्मी मुले त्याहून लहान, निम्मी मोठी) १८ महिन्यांच्या पुढे गेले होते. २०१२ ते २०१९ या काळात ते साडेबारा महिन्यांच्या वर कधी गेले नव्हते.

वयातला हा बदल माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली आहे. ज्या मुलांना २०२० मध्ये पहिला आरएसव्ही व्हायचा होता ती त्या वर्षी सुटली. पुढच्या लाटेत ती आणि नव्याने जन्मलेली बाळे एकदमच विषाणूसमोर आली. सलग दोन वर्षांच्या तुकड्यांतले पहिलीचे विद्यार्थी एकाच वर्गात बसवावेत तसा हा प्रकार होता. वर्ग खचाखच भरला, याचा अर्थ एकेक विद्यार्थी कच्चा होता असा होत नाही.

माणदेशी

डॉक्टरसाहेब, तुमचे म्हणणे समजले, तरीही एक शंका राहते. फ्रान्समधील बालरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्येच "प्रतिकारशक्तीचे कर्ज" अशी कल्पना मांडली होती. मुले मातीत खेळली नाहीत, एकमेकांत मिसळली नाहीत, त्यामुळे त्यांची शरीरे सरावाविना राहिली, असाच तिचा अर्थ होत नाही का? माझ्या धाकट्या पुतण्याला २०२२ च्या पावसाळ्यात लागोपाठ तीन वेळा ताप आला आणि एकदा भरती करावे लागले. मोठ्याला त्याच वयात असे काहीच झाले नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगावे?

कृष्णाकाठ

माणदेशी, शंका रास्त आहे. त्या कल्पनेचे दोन अर्थ लावले जातात आणि गोंधळ तिथेच होतो. विषाणू अजून न भेटलेल्यांची समाजातील संख्या वाढली, हा पहिला अर्थ. तो मोजून दाखवता आला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रसूतीच्या वयातील स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्या रक्तातील आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तपासली, तेव्हा २०२० च्या तुलनेत २०२१ मध्ये ती कमी आढळली. एरवी प्रौढांनाही हा विषाणू सर्दीच्या रूपाने पुन्हा पुन्हा भेटत राहतो आणि त्यातून आईची प्रतिपिंडे ताजी राहतात. तीच नाळेतून बाळाला मिळतात. त्या काळात आयांना विषाणू भेटला नाही, त्यामुळे बाळाच्या वाट्याला आलेली शिदोरीही कमी होती. ही एका ठरावीक विषाणूविरुद्धची तात्पुरती उणीव आहे आणि पुढच्या संसर्गाने ती भरून निघते.

मुलाची एकूण लढण्याची क्षमताच सरावाअभावी दुबळी झाली, हा दुसरा अर्थ. त्याला पुरावा नाही. घरात राहणाऱ्या मुलाच्या शरीराचाही अन्न, धूळ, आतड्यांतील जिवाणू, घरातील माणसे आणि लशी यांच्याशी अखंड संबंध येत असतो. शिवाय आजार होऊन गेल्याने ताकद वाढते हे सरसकट खरे मानले, तर गोवर झालेले मूल सर्वांत ताकदवान ठरायला हवे. प्रत्यक्षात गोवर आधी मिळवलेली प्रतिकारशक्तीसुद्धा पुसून टाकतो.

तुमच्या पुतण्यासारख्या मुलांच्या बाबतीत त्या वर्षीचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. आपल्याकडे शहरांतील पहिली ते सातवीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ पासून हळूहळू सुरू झाले. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण पावसाळ्यात महाराष्ट्रात स्वाइन फ्लूची मोठी लाट आली. फ्लू, आरएसव्ही, अॅडेनोव्हायरस आणि करोना यांच्यापैकी तीन विषाणू एका मुलाला एकाच पावसाळ्यात भेटणे त्या वर्षी मुळीच असंभाव्य नव्हते. वडीलधाऱ्यांना सांगा की पोराची घडण नाजूक नाही, ते वर्षच तसे होते.

रांगीतोतो

मी ऑकलंडमध्ये राहतो. न्यूझीलंडचा अनुभव मूळ लेखातील मुद्द्याला जोडून पाहण्यासारखा आहे, म्हणून लिहितो.

मार्च २०२० च्या अखेरीस इथे अतिशय कडक टाळेबंदी झाली आणि त्या हिवाळ्यात फ्लू जवळजवळ नाहीसा झाला, घट ९९.९ टक्के नोंदली गेली. आरएसव्हीही ९८ टक्क्यांनी घटला. जूनपासून देशातले व्यवहार खुले होते, शाळा आणि पाळणाघरे भरली होती, पण सीमा बंद होत्या. १९ एप्रिल २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाविना प्रवास सुरू झाला आणि जून-जुलैत आरएसव्हीने थैमान घातले. वेलिंग्टन आणि ऑकलंडच्या रुग्णालयांत बालकक्ष अपुरे पडले, काही ठिकाणी मुलांच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. तिच्या पाळणाघरातली जवळपास सगळी बाळे एका पंधरवड्यात आजारी पडली. तिला नळीने ऑक्सिजन द्यावा लागला आणि शेजारच्या खाटेवर जवळजवळ दोन वर्षांचा मुलगा त्याच कारणाने आला होता. परिचारिका सांगत होत्या की एरवी या वयाची मुले या आजाराने सहसा भरती होत नाहीत.

माझा प्रश्न असा की ऑस्ट्रेलियात आणि इथेही आरएसव्ही परतला, पण फ्लू २०२१ मध्येही आला नाही. एकाच प्रकारच्या निर्बंधांचा दोन विषाणूंवर इतका वेगळा परिणाम का झाला?

सूक्ष्मदर्शी

मी विषाणुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

"निर्बंध" हा शब्द आपण एकवचनी असल्यासारखा वापरतो, पण त्यात शाळाबंदी, मुखपट्टी, हात धुणे, घरून काम, लग्नसमारंभ थांबणे आणि प्रवासबंदी इतक्या वेगवेगळ्या गोष्टी येतात. प्रत्येक विषाणूला त्यातली वेगळी गोष्ट नडते. फ्लूचे विषाणू दर हंगामात मोठ्या प्रमाणावर बाहेरून आयात होतात. सीमा बंद राहिली की त्यांची साखळी तुटते आणि आत ठिणगी उरत नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियात २०२१ हे वर्ष फ्लूविना गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा खुल्या होताच त्या वर्षीचा फ्लू नेहमीपेक्षा लवकर, मे-जूनमध्येच शिखराला पोहोचला. आरएसव्ही मात्र लहान मुले आणि घरातील मोठी माणसे यांच्यात सौम्य सर्दीच्या रूपाने दबून राहू शकला. ऑस्ट्रेलियातील लाटांमधील विषाणूंची जनुकीय रचना तपासली तेव्हा पूर्वीचे वैविध्य घटून मोजकेच वंश पसरल्याचे दिसले. बहुतेक घराणी खुंटली आणि एखाददुसऱ्या घराण्याने सगळे मैदान मारले, असे त्याचे वर्णन करता येईल.

र्‍हायनोव्हायरसची गोष्ट तिसरीच आहे. साध्या पडशाचा हा विषाणू कडक निर्बंधांतही पूर्णपणे हटला नाही. त्याच्यावर स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो तितकासा दाद देत नाही आणि खेळणी, टेबल अशा पृष्ठभागांवर टिकून राहतो. हाँगकाँगमध्ये २०२० च्या शरद ऋतूत मुखपट्टी लावूनच शाळा सुरू झाल्या, तरी मुलांमध्ये र्‍हायनोव्हायरसचे उद्रेक झाले. त्याच वेळी तिथे फ्लू दिसत नव्हता.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते दक्षिण इस्राएलमधील निरीक्षण. न्युमोकोकस हा जिवाणू निरोगी मुलांच्या नाकातही वस्तीला असतो आणि संधी मिळाली की न्युमोनिया किंवा मेंदूज्वर घडवतो. निर्बंधांच्या काळात अनेक देशांत त्याचे गंभीर आजार झपाट्याने घटले, तेव्हा मुलांनी तो एकमेकांना देणेच थांबवले असावे, असा सहज तर्क होता. प्रत्यक्ष स्वॅब घेतल्यावर दिसले की तो मुलांच्या नाकात जवळपास पूर्वीइतक्याच प्रमाणात होता. नाहीसे झाले होते ते आरएसव्ही, फ्लू आणि मेटान्यूमोव्हायरस हा श्वसनमार्गाचाच आणखी एक विषाणू, आणि ते परतल्यावर न्युमोकोकसचे आजारही परतले. म्हणजे लहान मुलांच्या जिवाणूजन्य न्युमोनियाची वाट बऱ्याच वेळा विषाणूच मोकळी करून देतात. शंका आधीपासून होती, पण संपूर्ण लोकसंख्येतून हे विषाणू काढून टाकून पाहण्याची संधी एरवी कोणत्याही शास्त्रज्ञाला मिळाली नसती.

आणखी एक कायमचा बदल सांगते. बी-फ्लूचा यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये तो लशीतून वगळण्याची शिफारस केली आणि चार घटकांच्या फ्लू लशीची जागा आता पुन्हा तीन घटकांची लस घेत आहे.

माणदेशी

सूक्ष्मदर्शीताई, मग २०२३ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या मुलांच्या न्युमोनियाच्या बातम्या आल्या, तो प्रकारही यातलाच का? आमच्या तालुक्यात त्या वेळी शाळांतून सूचना आल्या होत्या आणि पालक फार घाबरले होते.

सूक्ष्मदर्शी

हो, आणि त्यातही एक विशेष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी चीनकडे अधिकृत माहिती मागितली. नवा रोगजंतू आढळला नाही. मायकोप्लाझ्मा, आरएसव्ही, अॅडेनोव्हायरस आणि फ्लू असे ओळखीचेच जंतू निघाले. तिथले कडक निर्बंध डिसेंबर २०२२ मध्ये उठले होते, त्यामुळे तो त्यांचा निर्बंधांविना पहिला पूर्ण हिवाळा होता. मायकोप्लाझ्मा न्युमोनिए हा जिवाणू मात्र सगळीकडेच फार उशिरा परतला. तो सावकाश वाढतो, त्याचा उबवणकाळ एक ते तीन आठवड्यांचा असतो आणि त्याच्या साथी एरवीही काही वर्षांच्या अंतराने येतात. डेन्मार्कमध्येही त्याची साथ २०२३ च्या त्याच सुमारास उसळली. तिकडे तर निर्बंध केव्हाच उठले होते.

गाविलगड

मी मेळघाटात आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. वरची चर्चा वाचताना सतत जाणवत होते की हे सर्व आकडे रुग्णालयांतले आणि प्रयोगशाळांतले आहेत. आमच्याकडे टाळेबंदीने एसटी बंद झाली, आठवडी बाजार बंद झाला, सुरुवातीच्या आठवड्यांत लसीकरणाची सत्रेही थांबली. पण एका खोलीत चुलीच्या धुराभोवती झोपणारी सात-आठ माणसे होती तशीच राहिली. बाळाला धाप लागली तर रुग्णवाहिकेची वाट पाहायची की भगताकडे न्यायचे, हा निर्णय त्या काळात पूर्वीपेक्षा अवघड झाला होता. अजूनही काही पाड्यांवर धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर चटके दिलेले दिसतात.

मेळघाटातील गावांमध्ये महामारीच्या आधीच्या वर्षांत आरएसव्हीचा समाजपातळीवर अभ्यास झाला होता. दगावलेल्या बाळांच्या नाकातले नमुनेही त्यात तपासले गेले. या विषाणूने होणारे बरेचसे मृत्यू रुग्णालयात पोहोचण्याआधी घरीच होतात, हे त्यातून पुढे आले. म्हणून "२०२० मध्ये भरती घटल्या" हे वाक्य आमच्या भागापुरते वाचताना मला भीती वाटते. आजार घटल्यामुळे भरती घटल्या की बाळे घरीच राहिली, हे सांगणारी नोंदच नसेल तर घटीचे समाधान मानता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, त्याला आता तीन दशके उलटली. ती पद्धत टाळेबंदीतही चालू शकली असती, कारण तिला एसटी लागत नाही.

कृष्णाकाठ

गाविलगडताई, तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि त्यात एक भर घालतो. आपल्या राज्यातल्या आकड्यांची आधी आणि नंतर अशी तुलना करताना आणखी एक गोष्ट मधे येते. न्युमोकोकसची लस महाराष्ट्राच्या मोफत लसीकरणात नेमकी २०२१ च्या जुलैपासून आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस असतात. त्यामुळे त्यानंतरच्या बाळांत जिवाणूजन्य न्युमोनिया कमी दिसला, तर त्याचे श्रेय लशीला किती आणि निर्बंधांना किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. उलट दिशेनेही असेच होते. २०२० पूर्वी आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी विषाणूंची पीसीआर तपासणी जवळजवळ होतच नव्हती. आता मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत एका स्वॅबवर वीसेक जंतूंचा अहवाल मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूतील दोन बाळांत मेटान्यूमोव्हायरस सापडल्यावर देशभर घबराट पसरली. तो विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत आहे. आपण शोधू लागलो म्हणून तो दिसू लागला.

सोनचाफा

माझा मुलगा फेब्रुवारी २०१९ चा. जून २०२२ मध्ये पुण्यात बालवाडीत घातले आणि दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी सर्दी-खोकला सुरू होता. मधल्या काळात एका ठिकाणी प्रतिकारशक्ती तपासण्याच्या महागड्या चाचण्या सुचवल्या गेल्या. आता तो पहिलीत आहे आणि वर्षातून तीन-चारदाच आजारी पडतो. धाकटी येत्या जूनमध्ये बालवाडीत जाईल. अशा चाचण्या नेमक्या कधी कराव्या लागतात, आणि घरी असताना घाई कधी करावी, हे कृपया सांगाल का?

कृष्णाकाठ

बालवाडीच्या पहिल्या वर्षात सहा ते आठ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा सर्दी होणे हे महामारीच्या आधीही नेहमीचे होते. तुमच्या मुलाचे ते वर्ष फक्त सव्वातीन वर्षांच्या वयात आले, एवढाच फरक. मूल दोन आजारांच्या मधल्या दिवसांत खेळते, वजन वाढते आहे आणि आजार नाक-घशापुरते राहतात, तर त्या चाचण्यांची गरज नसते. वारंवार न्युमोनिया, खोलवरचे गळू, न वाढणारे वजन, किंवा जवळच्या नात्यात लहानपणीच दगावलेली भावंडे, असे काही असेल तर तपासणी टाळू नये.

घाई कधी करायची हे ठरवायला घड्याळ पुरेसे आहे. मूल शांत किंवा झोपेत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास मोजले गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा मूल सुस्त झाले असेल, तर मोजत बसू नये. थेट भरतीची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे.

सूक्ष्मदर्शी

एक व्यावहारिक मुद्दा राहिला आहे. आरएसव्हीविरुद्ध बाळाला एकदाच टोचायचे दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड आणि गरोदर मातेसाठीची लस, ही दोन्ही साधने २०२३ पासून काही देशांत वापरात आली. अमेरिकेत बाळांना ते प्रतिपिंड साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात देतात, कारण तिथला हंगाम हिवाळी आहे. आपल्याकडे ते वेळापत्रक जसेच्या तसे उचलले तर पश्चिम महाराष्ट्रातल्या बाळांना ते हंगाम संपत आल्यावर मिळेल. फ्लूच्या बाबतीत हा प्रश्न आधीच समोर आला आहे. श्रीनगरमध्ये फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, पुण्यात पावसाळ्यात, तर चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. २०२१ आणि २०२२ मध्ये तर हे महिनेही जागचे हलले होते. त्यामुळे पुणे, नागपूर आणि मेळघाट यांची नोंद वेगवेगळी, दर महिन्याला आणि वर्षभर ठेवली गेली, तरच इथे पहिली सुई मे महिन्यात टोचायची की जुलैत, हे ठरवता येईल.